पाया कच्चा म्हणून वाट अडवू नका

खेड्यातल्या गरीब मुलांचा गणिताचा पाया कच्चा असतो, त्यांनी बीएस्सीच्या वाटेला न जाता बी.ए. करावं, हा सल्ला छत्रपती संभाजीनगरात आजही दिला जातो. तो आपुलकीनं दिला जातो, म्हणून जास्त घातक आहे.

पाया कच्चा असतो, हे मी नाकारत नाही. पण पहिल्याच सत्रात विषय राहतात ते केवळ त्यामुळे, हे मुळीच मान्य नाही. बीडच्या ऊसतोड कुटुंबातल्या मुलाची परीक्षा तोंडावर येते, तेव्हा आईबाप कारखान्याच्या फडावर असतात. शिष्यवृत्ती उशिरा येते, मेसचे पैसे मात्र महिन्याला द्यावे लागतात. म्हणून तो संध्याकाळी दुकानात काम करतो आणि रात्री कॅल्क्युलसचं इंग्रजी पुस्तक घेऊन खोलीत एकटाच झगडतो. कुठं चुकलं हे सांगायला शेजारी कोणी नसतं.

अमेरिकेतल्या बर्कलीच्या विद्यापीठात 1970 च्या दशकात गणित शिकवताना युरी ट्राइसमन यांनी नेमकं हेच पाहिलं. कॅल्क्युलसमध्ये मागे पडणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांत ना जिद्द कमी होती, ना घरचा पाठिंबा. ती एकेकटी अभ्यास करत. चिनी वंशाची मुलं मात्र जमून एकमेकांची उत्तरं तपासत. ट्राइसमन यांनी रेमेडियल वर्ग काढले नाहीत. उलट नेहमीपेक्षा अवघड गणितं दिली, ती गटानं सोडवायला लावली, आणि निकाल पालटला.

‘आधी शाळा सुधारा, मग कॉलेजचं बघू,’ असंही म्हटलं जातं. पण 1950 साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं इथं महाविद्यालय काढलं, तेच आजचं मिलिंद महाविद्यालय. तेव्हा निजामी राजवट जाऊन दोनच वर्षं झाली होती. मराठवाड्यात शाळांचीच वानवा होती. बाबासाहेब थांबले नाहीत. महाविद्यालयाच्या नागसेनवन परिसरात वर्गांबरोबर वसतिगृहंही उभी राहिली, कारण राहण्या-जेवण्याची सोय नसेल तर नुसता प्रवेश कामाचा नाही.

आज करण्याजोगं काम समोर आहे. ‘कमवा व शिका’ योजनेत मुलांना बहुधा कार्यालयात, ग्रंथालयात, बागेत काम मिळतं. त्याच पैशांत तिसऱ्या वर्षाच्या मुलामुलींना पहिल्या वर्षाचे गणित-भौतिकीचे गट चालवायला द्या. समजावणं मराठीत, उत्तर लिहिणं इंग्रजीत, आणि गणितं परीक्षेपेक्षा अवघड. शिकवणाऱ्याला दुकानात उभं राहावं लागणार नाही, शिकणाऱ्याला सोबत मिळेल. त्यासाठी संध्याकाळी दोन तास वर्ग उघडा ठेवावा लागेल, आणि हे येत्या सत्रापासून करता येईल.