चूक जेथें, तेथेंच दुरुस्ती

आगगाडीचें वेड मुलांस नवीन नाहीं. आमच्या लहानपणीं रिकाम्या काड्यापेट्या दोऱ्यानें एकापुढें एक बांधून आम्ही अंगणांत गाडी ओढीत असूं आणि शिटीहि तोंडानेंच फुंकीत असूं. आतांच्या मुलांजवळ संगणक आहे आणि त्यावर चालणारा ट्रेन सिम्युलेटर नांवाचा खेळ आहे. या खेळांत नुसती गाडी हांकावयाची नसते. ज्यास हौस असेल त्यास स्वतःचा लोहमार्गहि बांधतां येतो. जमीन उंचसखल करावी, रूळ टाकावे, सांधे बसवावे, सिग्नल उभे करावे, फलाट बांधावे आणि मग आपल्याच मार्गावरून आपलीच गाडी न्यावी, असा हा उद्योग आहे. पुष्कळ पालकांस तो रिकामटेकडेपणाचा वाटतो. गेल्या वर्षापर्यंत मलाहि तो तसाच वाटत होता. माझें मत कोणत्या प्रसंगानें बदललें, आणि त्या प्रसंगांत माझीच चूक कशी झाली, हें सांगण्यासाठीं हा लेख लिहिला आहे.

आमच्या नववीच्या कांहीं मुलामुलींनीं स्नेहसंमेलनांत दाखविण्याकरितां भोर घाटाचा मार्ग बांधावयाचें ठरविलें. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें २००१ सालीं या प्रकारचा एक खेळ विक्रीस काढिला होता. त्या खेळासाठीं बांधलेले मार्ग आज ओपन रेल्स नांवाच्या मोफत मिळणाऱ्या प्रणालींत चालतात; तीच मुलांनीं पसंत केली. घाटाची निवड मात्र सोपी नव्हती. भोर घाटाचा लोहमार्ग १८६३ सालीं वाहतुकीस खुला झाला. त्यांतील सर्वांत कठीण चढ ३७ स १ असा आहे. म्हणजे ३७ मीटर पुढें गेलें असतां गाडी १ मीटर वर चढते. पायीं चालणाऱ्यास एवढा चढ जाणवणारहि नाहीं. परंतु पोलादी चाकाची पकड पोलादी रुळावर फार थोडी असते, म्हणून रेल्वेच्या हिशेबानें हा चढ मोठाच म्हणावयाचा. आजहि घाट चढणाऱ्या पुष्कळ गाड्यांस कर्जत येथें मागून जादा इंजिनें लावितात, त्याचें कारण हेंच.

काम लवकर व्हावें म्हणून मुलांनीं दोन तुकड्या केल्या. एक तुकडी कर्जतेकडून वर निघाली, दुसरी लोणावळ्याकडून खालीं आली. संमेलनास चार दिवस उरले असतांना दोन्ही मार्ग एकमेकांसमोर आले आणि पाहतात तों काय, खालून आलेल्या रुळाचें टोंक वरून आलेल्या टोंकाहून दोन मीटर खालीं! सगळ्यांचे चेहरे उतरले. एका मुलानें मला विचारलें, "सर, आतां काय करावयाचें?"

मी म्हणालों, "शेवटचे पन्नास मीटर जरा वर वांकवा, खालची माती उंच करा, बाजूस झाडें लावा. पाहणाऱ्यास कांहीं कळणार नाहीं." मुलांनीं तसें केलें. दिसावयास काम सुबक झालें. एकटें इंजिन त्यावरून निर्वेध गेलें. प्रवासी गाडी जरा हिसका खाऊन गेली. मग भरलेली मालगाडी सोडली, आणि त्या जागीं येतांच इंजिनाचीं चाकें जागच्या जागीं फिरूं लागलीं व गाडी घाटांत अडकून बसली. हिशेब केला तेव्हां कारण उघड झालें. पन्नास मीटरांत मुळांतच सुमारें १ मीटर ३५ सेंटिमीटर चढावयाचें होतें, त्यांत मीं दोन मीटरांची भर घातली होती. म्हणजे माझ्या सल्ल्यानें ३७ स १ या चढाच्या मध्यभागीं १५ स १ असा एक उभा चढ तयार झाला होता.

तेव्हां वर्गांत सहसा न बोलणारी एक मुलगी पुढें येऊन म्हणाली, "सर, चूक येथें नाहींच. येथें ती फक्त दिसते आहे." तिनें वही घेतली आणि जेथें दोन टोंकें भेटलीं तेथून उलट दिशेनें, एकेका तुकड्याची उंची टिपीत, ती खालीं निघाली. दुसऱ्या दिवशीं चूक सांपडली. ठरविलेल्या आंखणींत जेथें ३७ स १ असा चढ होता, तेथें एक किलोमीटरभर ४० स १ असा चढ टाकला गेला होता. ३७ आणि ४० यांत असा कितीसा फरक? परंतु एका किलोमीटरांत पहिला चढ २७ मीटर वर नेतो आणि दुसरा २५ मीटर. आमचे हरवलेले दोन मीटर तेथेंच होते!

ज्यांस या खेळाचा नाद आहे त्यांच्यासाठीं येथें थोडें विस्तारानें लिहितों, कारण रुळांचे बहुतेक दोष याच जातीचे असतात. या खेळांत रूळ तुकड्यातुकड्यांनीं टाकावयाचा असतो, आणि प्रत्येक तुकडा मागच्या तुकड्याची दिशा व चढ पुढें चालवितो. त्यामुळें मागची चूक पुढें वारशानें जाते आणि अंतराबरोबर वाढत जाते. दिशेंत एका अंशाचा दहावा भाग चुकला, तर एक किलोमीटर पुढें रूळ पावणेदोन मीटर बाजूस गेलेला असतो. दुसरा दोष फटीचा. दोन तुकडे डोळ्यांस जुळलेले दिसतात, पण प्रणालीच्या नोंदवहींत ते जोडलेलेच नसतात. मग धडधडीत दिसणाऱ्या रुळावर गाडीस मार्ग संपल्याचें कळतें. तिसरा दोष याच्या उलट. एकाच जागीं चुकून दोन तुकडे एकावर एक टाकले जातात, दिसतो मात्र एकच रूळ. अशा ठिकाणीं सांधा बदलला तरी गाडी वळत नाहीं, आणि बिचारा बांधणारा सांध्यासच दोष देत बसतो. चौथा दोष उतावळेपणाचा. रूळ पक्के होण्यापूर्वींच हौसेनें सिग्नल व फलाट मांडावे आणि मग रूळ हलवावे, म्हणजे सिग्नलची नोंद जुन्या जागींच राहून जाते.

या सर्वांवर उपाय साधे आहेत. जोड जवळून पाहावा. वरून पाहावा तसाच बाजूनेंहि पाहावा. दर किलोमीटरास इंजिन हळू चालवून परीक्षा घ्यावी, आणि नंतर जड मालगाडीनें पुन्हां घ्यावी. कारण हलक्या गाडीस न सांपडलेली चूक जड गाडीस सांपडते. रोजच्या कामाची एक प्रत निराळी ठेवावी, म्हणजे बिघाड झाल्यास कालच्या चांगल्या स्थितीवर परत येतां येईल. प्रणाली दोषांची जी यादी लिहून ठेवते ती वाचावी, आणि वरून खालीं वाचावी. पुष्कळदां पहिला दोष दूर केला कीं खालचे दहा दोष आपोआप नाहींसे होतात. सिग्नल व फलाट सर्वांत शेवटीं बसवावे.

आतां मूळ गोष्टीकडे येतों. चूक सांपडली खरी, पण ती दुरुस्त करावयाची म्हणजे त्या किलोमीटरापासून वर टाकलेला सर्व रूळ उचलावयाचा, त्याबरोबर भराव, पूल व झाडेंहि काढावयाचीं, आणि सर्व पुन्हां करावयाचें. आठ दिवसांचें काम होतें आणि हातीं दोन दिवस होते. कांहीं मुलें म्हणालीं, "मालगाडी दाखवूंच नये; प्रवासी गाडी तर जाते." खरें सांगतों, मलाहि तो मार्ग बरा वाटला. परंतु ज्या मुलीनें चूक शोधली ती म्हणाली, "मग हा घाट झाला नाहीं, चित्र झालें." मुलांनीं मत घेतलें आणि रूळ उचलले.

संमेलनाच्या दिवशीं आमचा घाट अपुरा होता. गाडी कर्जतेहून निघाली आणि अर्ध्या वाटेवर नव्या रुळाच्या टोंकाशीं थांबली. एका मुलानें उभें राहून पालकांस सांगितलें कीं, पुढचा मार्ग चुकला होता म्हणून आम्हीं तो उचलला आहे, पुरा झाला म्हणजे पुन्हां दाखवूं. कोणी हसले, कोणी टाळ्या वाजविल्या. मे महिन्याच्या सुटींत मार्ग पुरा झाला आणि भरलेली मालगाडी लोणावळ्यास पोंचली. त्या दिवशीं पाहावयास आम्ही सातच जण होतों. तरी त्या सात जणांस झालेला आनंद संमेलनाच्या टाळ्यांनीं झाला नसता.

खऱ्या भोर घाटाचा इतिहास या बाबतींत दोन धडे देतो. १८६७ सालीं, म्हणजे मार्ग खुला होऊन चारच वर्षें झालीं असतां, त्या घाटांतील एक दगडी पूल कोसळला. दोष निकृष्ट दगडकामाचा होता. जो दोष बांधतांना झांकला जातो तो ओझ्याखालीं उघडा पडतो. वाळूवर बांधलेल्या घराचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. तेंहि घर पाऊस येईपर्यंत चांगलेंच दिसत असलें पाहिजे.

दुसरा धडा याहून निराळा आहे. खंडाळ्याजवळ पूर्वीं गाडीची दिशा उलटविण्याचें एक स्टेशन होतें. गाडी तेथें येऊन थांबे, इंजिन सोडून दुसऱ्या टोंकास जोडीत आणि मग गाडी पुढें निघे. डोंगराच्या अडचणीमुळें इंजिनियरांनीं ही तडजोड पत्करली होती, आणि १९२९ सालीं नवी आंखणी होऊन ती संपली. साठाहून अधिक वर्षें ही गैरसोय चालली, पण ती कोणापासून लपविलेली नव्हती. प्रत्येक ड्रायव्हरास ती ठाऊक होती. कोणी म्हणेल, मग तुमचे वांकविलेले पन्नास मीटर ही तडजोडच नव्हे काय? नव्हे. जी उणीव आपण उघडपणें मान्य करतों ती तडजोड; जिच्यावर आपण झाडें लावितों ती लबाडी. मीं मुलांस तडजोड शिकविली नव्हती, झाडें लावावयास शिकविलें होतें, याची मला आजहि खंत वाटते.

पालकांस माझी एवढीच विनंति आहे. या खेळास वेळेची मर्यादा अवश्य घालावी. डोळे व अभ्यास दोन्ही सांभाळलेच पाहिजेत. परंतु मूल रूळ टाकीत बसलेलें दिसलें तर "वेळ फुकट घालवूं नकोस" असें म्हणण्यापूर्वीं, "गाडी कोठें अडते, आणि चूक कोठें आहे?" हे दोन प्रश्न विचारून पाहावे. या दोन प्रश्नांचीं उत्तरें निराळीं असतात, हें ज्यास कळलें त्यास गणित कळूं लागलें असें समजावें. गणितांत शेवटच्या ओळीचें उत्तर चुकतें. चूक मात्र तिसऱ्या ओळींत असते. आणि जी मुलें उत्तराच्या पुस्तकांत पाहून शेवटची ओळ तेवढी सुधारतात, तीं माझ्या त्या पन्नास मीटरांसारखेंच काम करीत असतात.

विद्यार्थिमित्रहो, पश्चात्ताप हा शब्द तुम्ही आपल्या शाळेंत पुष्कळदां ऐकतां. पुष्कळांस वाटतें कीं त्याचा अर्थ वाईट वाटणें एवढाच. नुसतें वाईट वाटून रूळ सरळ होत नाहीं. जेथें वाट चुकली तेथपर्यंत मागें जाणें, टाकलेलें उचलणें आणि तेथून पुन्हां निघणें, हा त्याचा खरा अर्थ आहे. तो मला, वीस वर्षें शिकविल्यावर, नववीच्या एका मुलीनें वही हातांत घेऊन शिकविला.