मांस तुमचं, हाडं आमची?

पुणे-सातारा महामार्गावरचं कापूरहोळ हे फाट्याचं गाव. इथून एक रस्ता भोरला जातो, दुसरा नारायणपूरवरून सासवडला. इथे काय किंवा महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्यात काय, दहावीच्या जुन्या बॅचचे स्नेहमेळावे आता हौसेने भरतात. कुणीतरी माइक घेतो आणि म्हणतो, "सरांनी झोडपलं म्हणून आम्ही घडलो." टाळ्या पडतात. निवृत्त गुरुजींचे डोळे पाणावतात.

या कृतज्ञतेची थट्टा करायचं कारण नाही. तुटपुंज्या पगारात आणि अपुऱ्या साधनांत त्या शिक्षकांनी जीव ओतून शिकवलं. पण घडलो ते त्यांच्या शिकवण्यामुळे की त्यांच्या छडीमुळे, हा प्रश्न त्या माइकवर कुणी विचारत नाही. शिवाय मेळाव्याला येतात ते टिकलेले. गणित चुकलं म्हणून रोज हातावर वळ घेऊन घरी जाणारा आणि एक दिवस दप्तर टाकून गुरांमागे किंवा गॅरेजात गेलेला मुलगा त्या फोटोत नसतो. छडीच्या बाजूने साक्ष देणारे सगळे वाचलेलेच असतात.

केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली बालकांच्या छळाविषयीचा अहवाल प्रसिद्ध केला. शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ६५ टक्के, म्हणजे तीनपैकी जवळपास दोघांनी मार खाल्ल्याचं सांगितलं होतं. त्यानंतर शिक्षण हक्क कायदा आला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली. हे 'मानसिक' महत्त्वाचं आहे. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळं बसावं लागे. अंगाला हात न लावताही शाळा मुलाला किती मारू शकते, हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको.

तरीही नोव्हेंबर २०२५ मध्ये वसईत सहावीतल्या एका मुलीला उशिरा आली म्हणून उठाबशा काढायला लावल्याची बातमी आली. काही दिवसांनी ती मुलगी गेली. उशीर हा गुन्हा कुणाचा? भोर-वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांवरून येणाऱ्या मुलांचा उशीर बहुधा एसटीचा असतो, पावसाचा असतो, घरच्या कामाचा असतो. शिक्षा मात्र मुलाच्या गुडघ्यांना.

आता आपल्या घरातलं बोलू. आपल्या भागातली अनेक मुस्लिम मुलं दिवसा जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत आणि सकाळी किंवा संध्याकाळी मक्तबात जातात. शाळेत कलम १७ आहे. पण २०१२ च्या दुरुस्तीने मदरसे, वैदिक पाठशाळा आणि मुख्यतः धर्मशिक्षण देणाऱ्या संस्था या कायद्यातून वगळल्या. पुढे ६ मे २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळांनाही हा कायदा लागू नसल्याचं ठरवलं. संस्थेची स्वायत्तता जपायला हवीच. पण स्वायत्तता संस्थेची आहे, छडीची नाही. तेच मूल, तोच तळहात. दुपारी कायद्याच्या छत्राखाली आणि संध्याकाळी बाहेर, हे आपल्याला चालतं कसं?

अर्थात मक्तब म्हणजे कायद्याबाहेरचा मुलूख नव्हे. बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम ७५ ताब्यातल्या मुलाला क्रूरपणे वागवणाऱ्या कुणालाही लागू होतं. त्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. पण प्रत्येक गोष्ट पोलीस ठाण्यापर्यंत जाईपर्यंत थांबायचं का?

मुलाला उस्तादांकडे सोपवताना "मांस तुमचं, हाडं आमची" म्हणायची रीत आपल्याकडे आहे. उस्तादांची छडी जिथे लागते तिथे जहन्नमची आग पोहोचत नाही, असंही सांगितलं जातं. दहाव्या वर्षी नमाजसाठी मारण्याची हदीस पुढे केली जाते. मग पैगंबरांची दहा वर्षं सेवा करणाऱ्या हजरत अनस यांना त्यांनी कधी 'उफ्' देखील म्हटलं नाही, ही हदीस का आठवत नाही? त्यांनी सेवकावर वा स्त्रीवर कधी हात उचलला नाही, ही हजरत आयेशांची साक्ष का आठवत नाही? इब्न खल्दून यांनी १३७७ मध्ये 'मुकद्दमा' लिहिला. सक्तीने शिकवलेलं मूल आळशी होतं, मार चुकवण्यासाठी खोटं बोलायला शिकतं आणि तेच त्याचा स्वभाव बनतं, असं त्यांनी त्यात बजावलं आहे. म्हणजे हा विचार कुठून बाहेरून आणलेला नाही.

काही जण विचारतील, मग शिस्तीचं काय? शिस्त हवीच. वेळेवर येणं, पाठ करून येणं, दुसऱ्याचं ऐकून घेणं हे शिकवावंच लागतं. पण एका खोलीत पन्नास मुलं आणि एक मौलाना, तेही जेमतेम मानधनावर आणि प्रशिक्षणाविना, अशी व्यवस्था आपणच ठेवली तर हातात छडी येणारच. उस्तादांना दोष देऊन जमात मोकळी होऊ शकत नाही.

म्हणून मशिदीच्या ट्रस्टने दोन ओळींचा ठराव करावा: इथे मुलाला मारलं जाणार नाही, अपमान केला जाणार नाही. तो दारावर मराठी-उर्दूत लावावा. आयांनाही घेऊन पालकांची समिती करावी. उस्तादांचं मानधन वाढवावं, त्यांच्या प्रशिक्षणाची सोय करावी. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. तिथे आपण नुसती सही करून येऊ नये. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक मुलांना पाठ असावा.

संभाजीराजांची दूधआई धाराऊ गाडे याच कापूरहोळची. दुसऱ्याचं लेकरू आपलं मानून वाढवणं हा या मातीचा वारसा. मूल दुसऱ्याच्या हाती सोपवताना मांस आणि हाडांची वाटणी करायची नसते. ते अख्खं द्यायचं असतं आणि अख्खंच परत मागायचं असतं.