ती टेकडी हिरवी का होती?

आमच्या वर्कशॉपच्या मागच्या खोलीत सीएनसी मशीनला जोडलेला एक म्हातारा पीसी आहे. त्यावर अजून विंडोज एक्सपी चालतं. मायक्रोसॉफ्टने २०१४ साली एक्सपीचा सपोर्ट बंद केला, पण मशीनचं सॉफ्टवेअर दुसऱ्या कशावर उघडतच नाही, म्हणून बिचारा अजून ड्यूटीवर आहे. प्रॅक्टिकलला आपला नंबर येईपर्यंत आमची अख्खी बॅच त्या स्क्रीनकडे बघत उभी असते. तीच ती हिरवीगार टेकडी, निळं आकाश, पांढरे ढग. माणूस नाही, जनावर नाही, विजेचा खांबसुद्धा नाही. परवा माझ्या बाजूला उभा असलेला मित्र उसासा टाकून म्हणाला, "यार, प्लेसमेंट वगैरे सोडून इथे जाऊन राहायला पाहिजे."

मी विचारलं, "ती टेकडी एवढी हिरवी का आहे, माहितेय?" त्याला माहीत नव्हतं. मित्रांनो, तुम्हालाही नसेल तर ऐका. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने निस्तराव्यात. मतं मात्र माझी राहू द्यावीत.)

हा फोटो चार्ल्स ओ'रिअर नावाच्या फोटोग्राफरने १९९६ साली कॅलिफोर्नियातल्या सोनोमा काउंटीत, गाडी रस्त्याच्या कडेला थांबवून काढला. फोटोत रंगांची काही कारागिरी केलेली नाही असं तो सांगतो. पण ती टेकडी मुळात गवताळ कुरण नव्हतीच, तिथे द्राक्षबागा होत्या. फायलोक्सेरा नावाची एक बारीकशी कीड, आपल्या माव्याच्या भावकीतलीच, द्राक्षाच्या मुळांना लागते आणि वेल मारते. त्या किडीमुळे तिथले वेल उपटून टाकावे लागले होते. मोकळ्या झालेल्या जमिनीवर पावसानंतर गवत उगवलं आणि नेमका त्याच वेळी हा माणूस तिथून चालला होता. पुढे तिथे परत वेल लावले गेले. म्हणजे जगभरातल्या कोट्यवधी लोकांनी ज्या चित्राकडे बघून "काय शांत जागा आहे" म्हटलं, ती एका मेलेल्या बागेची जागा होती.

माझे आजोबा नाशिक जिल्ह्यात शेती करतात. त्यांना हे सांगितलं तर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "किती एकर होती?"

हे सगळं मला एवढं लागायचं कारण म्हणजे शाळेत शिकलेला एक शब्द. आर्केडिया. (मॉलमधल्या गेम्सच्या आर्केडशी ह्याचा संबंध नाही, मीही आधी तेच समजले होते.) इंग्लिशच्या टीचरनी सांगितलं होतं की आर्केडिया म्हणजे ग्रीकांचा स्वर्ग. मेंढपाळ झाडाखाली बसून पावा वाजवतात, मेंढ्या आपल्या आपण चरतात, काम नाही, टेन्शन नाही, कायम वसंत ऋतू. आम्हाला ते फार आवडलं. त्याच शाळेच्या रस्त्यावरून दिवाळीनंतर धनगरांचे कळप जायचे तेव्हा मात्र आम्ही नाकाला रुमाल लावून बसच्या खिडक्या बंद करायचो. शेफर्ड आणि धनगर हे एकाच धंद्यातले लोक आहेत हे माझ्या डोक्यात फार उशिरा शिरलं.

आता खरा आर्केडिया. तो आजही ग्रीसच्या नकाशावर आहे. पेलोपोनीज नावाच्या दक्षिणेकडच्या द्वीपकल्पाच्या मधोमध, डोंगराळ मुलूख. ग्रीक लोकांच्या दृष्टीने हे पॅन देवाचं घर. शेळीचे पाय, कपाळावर शिंगं आणि हातात पावा असा हा देव. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला इतिहासकार पॉलिबियस इथल्याच मेगालोपोलिस गावचा. तो आपल्या लोकांच्या संगीताचं कौतुक करतो, पण त्याचं कारण ऐका. इथली हवा थंड आणि उदास, कष्ट बेसुमार, त्यात माणसं दगडासारखी होऊन जाऊ नयेत म्हणून पूर्वजांनी लहानपणापासून गाणं सक्तीचं केलं! म्हणजे आपल्याकडे एम-थ्री कंपल्सरी असतो तसा. सायनेथा नावाच्या गावाने हा विषय ऑप्शनला टाकला आणि तिथले लोक एकमेकांच्या जिवावर उठले, असं पॉलिबियस म्हणतो. त्याच्या गावचा पावा ही चैन नव्हती, औषध होतं.

मग ह्या खडकाळ मुलखाचा स्वर्ग केला कोणी? अर्थातच शहरातल्या माणसांनी. मेंढपाळांच्या कवितांची सुरुवात करणारा थिओक्रिटस मूळचा सिसिलीतल्या सिरॅक्यूजचा, पण अलेक्झांड्रियासारख्या त्या काळच्या महानगराशी त्याचा संबंध होता आणि त्याचे वाचकही तसलेच. दोनशे वर्षांनी रोमन कवी व्हर्जिलने आपल्या मेंढपाळांच्या कवितांत आर्केडियाचं नाव घेतलं आणि ते नाव कायमचं चिकटलं. तिथपासून आजच्या वॉलपेपरपर्यंत सरळ रेघ काढता येते, असं सगळे म्हणतात.

मला ते पटत नाही. कारण व्हर्जिलच्या पहिल्याच कवितेत दोन गावकरी भेटतात आणि त्यातल्या एकाची जमीन गेलेली आहे. इसवी सनापूर्वी ४२ मध्ये फिलिपीची लढाई झाली. जिंकलेल्यांना आपल्या सैनिकांना जमिनी वाटायच्या होत्या, म्हणून इटलीतल्या शेतकऱ्यांच्या जमिनी काढून घेतल्या. मेलिबियस शेळ्या हाकत गाव सोडून चाललाय. टिटिरसची जमीन वाचली आहे, कारण रोमला जाऊन त्याने वशिला लावला. तो झाडाच्या सावलीत पावा वाजवतोय. शेवटी तो मेलिबियसला म्हणतो की आजची रात्र राहा, फळं आहेत, चीज आहे. फक्त आजची रात्र! स्वर्गाच्या पहिल्याच पानावर हे आहे. ज्याला नंतर सगळ्यांनी 'निवांत खेडं' म्हटलं, त्याच्या दारातून एक विस्थापित माणूस चालत जातोय आणि कवीने त्याला मुद्दाम आधी बोलायला दिलंय.

फ्रेंच चित्रकार पूसाँचं एक प्रसिद्ध चित्र पॅरिसच्या लूव्र म्युझियममध्ये आहे, १६३० च्या दशकातलं. मी अर्थात फक्त नेटवर पाहिलंय. तीन मेंढपाळ आणि एक बाई एका दगडी कबरीभोवती उभे आहेत. एक जण गुडघ्यावर बसून कोरलेली अक्षरं बोटाने लावतोय, 'एट इन आर्केडिया एगो'. आर्केडियातही मी आहे. हा 'मी' कोण, यावर विद्वानांचा बराच वाद झालाय. कोणी म्हणतं तो आत झोपलेला माणूस, 'मीही एकेकाळी आर्केडियात होतो' असं सांगणारा. कोणी म्हणतं तो 'मी' म्हणजे साक्षात मृत्यू. काहीही धरा, कबर आहेच.

तर माझं म्हणणं असं. आर्केडिया ही पळपुट्यांची कल्पना आहे असं आपण समजतो, पण ज्यांनी ती नीट रंगवली त्यांनी कुठेतरी कबर ठेवली, कुठेतरी जमीन गेलेला माणूस ठेवला. त्याच्यामुळेच ती हिरवळ हिरवी वाटते. आपल्या काळातल्या सिनेमांनी आणि गेम्सनी काय केलं? बहुतेकांनी फोटो क्रॉप केला.

डिस्नेचा १९४० चा 'फँटेशिया' बघा. त्यात बेथोव्हेनच्या सहाव्या सिंफनीवर ग्रीक स्वर्ग दाखवलाय. पंखवाले घोडे, द्राक्षं, दारूचा देव, आणि अर्धी माणसं अर्धे घोडे असलेल्या नटव्या पोरी. मूळ सिनेमात त्या पोरींच्या खुरांना पॉलिश करणारी एक काळ्या वर्णाची नोकराणीही होती, अत्यंत अपमानास्पद पद्धतीने काढलेली. १९६९ पासून ती कापून टाकली. कापली ते योग्यच झालं, मला ते चित्र मुलांना दाखवायचं नाही. पण गंमत बघा, स्वर्ग रंगवतानाही त्या लोकांना खूर घासायला कोणीतरी लागलंच. आणि चूक लक्षात आल्यावर त्यांनी स्वर्ग बदलला नाही, फक्त फ्रेम बदलली.

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वर मी बोलले की हॉस्टेलच्या मुली पळून जातात, तरी बोलणार. हॉबिट लोकांचं शायर म्हणजे आपल्या पिढीचा आर्केडिया. २००३ च्या तिसऱ्या सिनेमात चौघं हॉबिट लढाई जिंकून घरी येतात तर शायर जसंच्या तसं. तेच पब, तीच बिअर. १९५५ साली आलेल्या पुस्तकात असं नाहीये! तिथे ते परत येतात तेव्हा झाडं तोडलेली, पाणी घाण करणारी नवी गिरणी उभी, आणि गावातलेच काही लोक नव्या मालकाला सामील. टॉल्किनचं लहानपण बर्मिंगहॅमजवळच्या खेड्यात गेलं होतं आणि ते खेडं शहराने गिळताना त्याने पाहिलं होतं. सिनेमा आधीच लांबलचक होता, मान्य, काहीतरी कापावं लागणारच. पण नेमकं हेच कापलं.

आणि इंजिनिअरिंगवाल्यांसाठी खास. न्यूझीलंडमधल्या माटामाटा गावाजवळच्या मेंढ्यांच्या फार्मवर हॉबिटनचा सेट उभारला. फ्रोडोच्या घराच्या डोक्यावर ओकचं झाड हवं होतं. मग जवळपासचं एक खरं ओक कापलं, फांद्यांना नंबर टाकले, टेकडीवर आणून बोल्टने परत जोडलं आणि त्या मेलेल्या झाडाला तैवानहून मागवलेली खोटी पानं एकेक करून तारेने बांधली. असेंब्ली म्हणून सलाम! पण झाडं तोडण्याबद्दल हळहळणाऱ्या लेखकाच्या गोष्टीसाठी हे केलं, हे विसरू नका.

गेम्सकडे येते, कारण आमच्या हॉस्टेलमध्ये खरी शेती तिथेच चालते. फेसबुकवरचं फार्मव्हिल २००९ ला आलं आणि ३१ डिसेंबर २०२० ला बंद झालं, कारण ज्या फ्लॅशवर ते चालायचं तेच संपलं. सगळ्यांची शेतं एका रात्रीत गेली. ते शेत नव्हतंच, हजेरीपुस्तक होतं. वेळेवर लॉग इन नाही केलं की पीक सुकायचं. लॉकडाऊनमध्ये २०२० साली अ‍ॅनिमल क्रॉसिंगचं बेट आलं. तिथे सुरुवातीलाच डोक्यावर कर्ज, पण व्याज नाही आणि मुदत नाही! असा सावकार फक्त स्वर्गातच भेटतो.

स्टारड्यू व्हॅलीबद्दल मात्र माझं मन दोन्हीकडे ओढतं. एरिक बॅरोन नावाच्या एकाच माणसाने चारेक वर्षं खपून हा गेम बनवला, प्रोग्रॅमिंग, चित्रं, संगीत सगळं त्याचंच. २०१६ साली तो आला. सुरुवातीला आजोबा मरणाच्या पलंगावर आहेत आणि नातवाला एक बंद पाकीट देतात. मग एका मोठ्या कंपनीचं ऑफिस, रांगेने क्युबिकल, आणि नीट बघितलं तर एका क्युबिकलमध्ये चक्क हाडांचा सापळा बसलेला! पूसाँची कबर इथे ऑफिसात आली. प्लेसमेंटच्या अ‍ॅप्टिट्यूड टेस्टच्या आदल्या रात्री मी ते पाहिलं आणि लॅपटॉप बंद केला. शेताच्या कोपऱ्यातही आजोबांचं एक स्मारक आहे आणि दोन वर्षांनी त्यांचं भूत येऊन तुम्ही शेतीचं काय केलंत ते तपासतं. गावात दारूत बुडालेला एक तरुण आहे, दुसऱ्या वर्षी युद्धावरून परतलेला, धड झोपू न शकणारा एक बाप आहे. बॅरोनने फ्रेम छोटी केली नाही.

तरी एक ठिकाणी त्याने माया केलीच, आणि ते मला दिवाळीच्या सुट्टीत आजोबांनी दाखवलं. मी ओट्यावर बसून खेळत होते, ते मागे येऊन उभे राहिले.

"काय लावलंस?"

"पार्सनिप. गाजरासारखं असतं."

"किती दिवसांत येतं?"

"चार."

ते हसले. पाणी घालायचं राहिलं तर? मरत नाही, नुसतं वाढत नाही. आणि विकायचं कुठे? हा घराबाहेरचा खोका, ह्यात टाकायचं, सकाळी पैसे जमा. इथे ते हसायचे थांबले.

"भाव कोण ठरवतं?"

"ठरलेलाच असतो."

"सगळ्यांनी एकदम तेच लावलं तर?"

"तरी तोच. पडत नाही."

"कधीच?"

"कधीच."

आमच्याकडे ज्या वर्षी कांद्याची ट्रॉली मार्केटला नेऊन परत आणली, त्या वर्षी मी सातवीत होते. भाड्याचेसुद्धा पैसे सुटले नसते. घरात त्याबद्दल कोणी बोलत नाही. माझे सीनियर्स, आयटीत लागलेले, जेव्हा म्हणतात की पाच वर्षं कमावतो आणि मग गावाला मस्त शेती करतो, तेव्हा मला ती ट्रॉली आठवते. त्यांची चेष्टा करायची नाहीये मला. पॉलिबियसच्या लोकांना पावा लागत होता, तसा त्यांनाही काहीतरी लागतंच, आणि खरं सांगायचं तर मलाही. माझे त्या गेममध्ये दोनशेच्यावर तास झालेत आणि खऱ्या शेतात मी नीट निंदणीसुद्धा केलेली नाही.

आजोबा चष्मा वर करून बियाण्याच्या दुकानाची यादी वाचायला लागले. बटाटा, फ्लॉवर, टोमॅटो. खाली-वर दोनदा झालं.

"कांदा कुठंय?"

"कांद्याचं बी मिळत नाही ह्यात."

"हुशार आहे बनवणारा," म्हणाले, आणि गोठ्याकडे गेले.