जुनी गाडी म्हणजे खोडवाच!



उसाचे बिल बँकेत जमा झाले की आमच्या गट ऑफिसात दोन विषय हमखास निघतात. एक पुढच्या लागणीच्या बेण्याचा आणि दुसरा चारचाकीचा. पूर्वी बिलावर मोटारसायकल यायची. आता घरात म्हातारी माणसे आहेत, रात्री-अपरात्री दवाखाना गाठावा लागतो, पोरे तालुक्याला शिकायला जातात. नवी गाडी परवडत नाही, मग जुनी बघायची. यात वावगे काही नाही.

"साहेब, तुम्ही खताचं बोला, गाडीतलं तुम्हाला काय कळतंय?" असे कोणी म्हणेल. खरे आहे, आमचे शिक्षण कृषी पदविकेचे. पण वर्ष-दीड वर्ष राबून मिळालेले उसाचे पैसे एका दुपारीत कसे जातात, हे आम्ही जवळून पाहिले आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या गटातल्या एका सभासदाने आयुष्यातली पहिली गाडी एका दलालाकडून सव्वातीन लाखाला घेतली. पैसे रोख मोजले, गाडीला हार घातला, पेढे वाटले. दलालाने कोऱ्या फॉर्मवर जुन्या मालकाच्या सह्या आणून दिल्या आणि सांगितले, "नावावर करा की सावकाश." चार महिन्यांनी वसुलीची माणसे दारात उभी राहिली. गाडीवर जुन्या मालकाचे कर्ज होते आणि हप्ते थकले होते. गाडी गेली. दलालाचा फोन लागेना. कागदावर आपला सभासद त्या गाडीचा कोणीच नव्हता. त्या पैशात दोन एकराला ठिबक करायचे ठरले होते, ते राहिले ते राहिलेच.

हा सभासद अडाणी नाही. पाच गुंठे जमीन घ्यायची झाली तरी तो सात-बारा काढतो, फेरफार बघतो, इतर हक्कात सोसायटीचा बोजा आहे का ते तपासतो. तीच नजर गाडीच्या कागदाकडे वळवली असती तर पैसे वाचले असते. आमचे स्पष्ट मत असे, की पहिल्यांदा गाडी घेणाऱ्याने आधी कागद बघावा, मग इंजिन. आणि आपले नाव लागण्याची खात्री होईपर्यंत पूर्ण पैसे सोडू नयेत.

आर.सी. बुक हा गाडीचा सात-बारा समजावा. त्यावर बँकेचे किंवा फायनान्स कंपनीचे नाव असेल तर तो बोजा. "कर्ज कवाच फिटलंय" हे तोंडी चालत नाही. बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म 35 आर.टी.ओ.कडे देऊन बोजा उतरवून घ्यावा लागतो. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर घालून विमा आणि नोंदणीची मुदत बघावी, थकलेली ई-चलनेही बघावीत. खासगी गाडीची पहिली नोंदणी 15 वर्षांची असते, पुढे ती पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. तेव्हा चौदा वर्षांची गाडी स्वस्त का मिळते, हे ध्यानात येईल. बुकातला चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर स्वतः वाचून ताळा करावा.

ऊस पोचल्यापासून 14 दिवसांत बिल मिळाले पाहिजे, हा 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाचा नियम आपल्या सर्वांना तोंडपाठ आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्यातही 14 दिवस आहेत. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे, तो फॉर्म 29. घेणाऱ्याने 30 दिवसांत अर्ज करायचा, तो फॉर्म 30. विम्याचेही तसेच. दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा गाडीबरोबर येतो, पण आपल्या स्वतःच्या गाडीचे नुकसान भरून मिळायचे तर 14 दिवसांत विमा आपल्या नावावर करून घेतला पाहिजे.

आधी थोडा इसार द्यावा आणि पावती घ्यावी. बाकीचे पैसे जुन्या मालकाच्या खात्यावर बँकेतून द्यावेत. काही रक्कम नाव लागेपर्यंत राखून ठेवावी आणि तसे लेखी करावे. याला जो तयार होत नाही, त्याची गाडी सोडून द्यावी.

गाडी विकणाऱ्या सभासदांनीही कान द्यावा. कोऱ्या फॉर्मवर सही करून मोकळे होणे ही आपल्याकडची वाईट खोड आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली स्पष्ट केले आहे, की आर.टी.ओ.च्या दप्तरी ज्याचे नाव तोच मालक. तुमची विकलेली जीप पाचव्या माणसाने कोणाच्या अंगावर घातली, तरी भरपाईची नोटीस तुमच्या घरी येईल.

आता गाडीकडे वळू. जुनी गाडी आम्हाला खोडव्यासारखी वाटते. बेण्याचा आणि मशागतीचा खर्च वाचतो, म्हणून खोडवा फायद्याचा. पण कोणता? ज्याची लागण चांगली जोपासली त्याचा. तुटाळ पडलेल्या, गवताळ वाढ झालेल्या फडाचा खोडवा ठेवू नका, असे आम्ही दरवर्षी सांगतो. गाडीचेही तेच आहे. पहिल्या मालकाने ती कशी वापरली, सर्व्हिसिंग कुठे केले, हे विचारावे आणि पावत्या बघाव्यात. मीटरवर चाळीस हजार किलोमीटर आणि पायाखालच्या पॅडलचे रबर गुळगुळीत, तर मीटर खोटे बोलतो आहे.

गाडी दिवसाउजेडी बघावी आणि इंजिन थंड असताना चालू करून बघावे. निळा धूर निघाला तर इंजिन ऑइल खाते. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा असेल तर पाणी आत शिरत असण्याचा संभव आहे. टायरवर चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालच्या 23 व्या आठवड्यातला टायर. आपल्या ओळखीचा फिटर बरोबर न्यावा आणि त्याला त्याची मजुरी द्यावी. दलालाने आणलेला फिटर नको.

आपल्या नदीकाठाला आणखी एक धोका आहे. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 चा महापूर आपण विसरलो नाही. तेव्हा पाण्यात बुडालेली गाडी धुऊन-पुसून चकाचक करता येते, पण गाळ कुठेतरी राहतोच. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, सीटखालचे बोल्ट गंजलेत का बघा, कार्पेट उचला, स्टेपनीच्या खड्ड्यात हात घाला. कुबट वास आला तर माघारी फिरा. अशा गाडीच्या वायरिंगचा भरवसा नसतो.

परराज्यातली स्वस्त गाडी घेताना तिकडच्या आर.टी.ओ.चा ना-हरकत दाखला लागतो, इथला कर भरावा लागतो आणि पुढे नंबरही बदलावा लागतो. हे सगळे धरून हिशोब करावा.

इथेनॉल आपल्या उसाचे आहे, तरी एक गोष्ट आम्ही झाकून ठेवणार नाही. 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला साजेशा गाड्या एप्रिल 2023 पासून येऊ लागल्या. त्याआधीची पेट्रोल गाडी घेताना इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील फिटरकडून तपासून घ्यावेत. ॲव्हरेजही थोडे कमी धरावे.

गाडी घेऊ नका, असे आम्ही म्हणत नाही. दारात गाडी असली म्हणजे अडीनडीला किती आधार असतो, हे आम्हालाही कळते. इसार देण्याआधी गाडीचा नंबर घेऊन गट ऑफिसात या. मोबाईलवर बघायला पाच मिनिटे लागतात आणि त्याचे काही पैसे नाहीत. बेणे बघायला आम्हाला मळ्यात बोलावता, तसे गाडीचा कागद बघायलाही खुशाल बोलवा. पेढे मात्र बुकावर नाव लागल्यावरच वाटा. आम्ही ते आनंदाने खाऊ.

— ऊस विकास अधिकारी