‘ऑन अरायव्हल’ म्हणजे इज्जत नव्हे

भारतीय पासपोर्टवर कुठल्या कुठल्या देशांत ‘व्हिसा ऑन अरायव्हल’ मिळतो, याच्या याद्या आपल्याकडे मोठ्या अभिमानाने फिरतात. त्यात एखादा आखाती देश दिसला की आमच्या मुस्लिम मित्रमंडळींना जरा जास्तच आनंद होतो. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. शब्दाचा अर्थ नीट लावणे हे माझे रोजचे काम. म्हणून सांगते, ‘ऑन अरायव्हल’चा अर्थ व्हिसा मिळाला असा होत नाही. निर्णय व्हायचा बाकी आहे आणि तो तिकीट-हॉटेलचे पैसे खर्च झाल्यावर, परक्या देशात, परक्या भाषेत, काउंटरसमोर होणार आहे, असा त्याचा अर्थ आहे.

इंडोनेशियाचे उदाहरण घ्या. तिथे भारतीयांना पर्यटनासाठी दोन्ही वाटा खुल्या आहेत. बालीच्या विमानतळावर रांग लावा, नाहीतर घरी बसून ऑनलाइन अर्ज भरा. शुल्क तेच, पाच लाख रुपिया; मुदतही तीच, ३० दिवस. फरक एवढाच की ऑनलाइन अर्जात काही खोट निघाली तर ती घरी कळते. विमानतळावर निघाली तर परतीच्या विमानात बसावे लागते. म्हणजे धोका सरकारच्या खांद्यावरून प्रवाशाच्या खांद्यावर येतो. खिशात जादा पैसे असलेल्याला तो परवडतो. वर्षानुवर्षे पैसे साठवून आईवडिलांना एकदाच बाहेर नेणाऱ्या माणसाने हा जुगार का खेळावा?

दुसरा मुद्दा माझ्या दृष्टीने जास्त मोठा आहे. ऑनलाइन अर्जात प्रश्न लिहिलेले असतात आणि ते सगळ्यांना सारखेच असतात. ते चुकीचे असले तर बोट ठेवून दाखवता येतात. आपल्याच देशाच्या ई-व्हिसाच्या अर्जात अर्जदाराचा धर्म विचारला जातो. मला तो रकाना खटकतो, पण तो कागदावर आहे म्हणून मी त्याविरुद्ध लिहू शकते. काउंटरवरच्या अधिकाऱ्याने दाढी, टोपी किंवा बुरखा पाहून चार प्रश्न जास्त विचारले, तर त्याची नोंद कुठे मिळणार? ऑनलाइन व्हिसा असला तरी काउंटर टळत नाही, हे खरे. पण मंजुरी हातात असलेला माणूस आणि मंजुरी मागायला उभा राहिलेला माणूस यांच्या उभे राहण्यात फरक असतो.

आता आखाताकडे येऊ. संयुक्त अरब अमिरातीत भारतीयाला ‘ऑन अरायव्हल’ मिळतो, पण कोणत्या भारतीयाला? ज्याच्याकडे अमेरिकेसारख्या काही ठरावीक देशांचा व्हिसा किंवा निवास परवाना आहे, अशांना. सौदी अरेबियाने सप्टेंबर २०१९ मध्ये पर्यटन व्हिसा ४९ देशांना ऑनलाइन आणि विमानतळावर खुला केला. त्या यादीत मलेशिया होता, ब्रुनेई होता. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, इंडोनेशिया नव्हते. पुढे सवलत वाढली ती अमेरिका, ब्रिटन किंवा शेंगेनचा वापरलेला व्हिसा जवळ असणाऱ्यांसाठी. उम्मतच्या बंधुभावावर रात्र रात्र तकरीरी होतात. पण रत्नागिरीच्या मुसलमानावर भरवसा ठेवायचा की नाही, हे अमेरिकेच्या शिक्क्यावरून ठरते. यात अभिमान कसला बाळगायचा?

नावाचेही तसेच. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमिरातीने पासपोर्टवर एकच नाव असलेल्यांना पर्यटन आणि भेटीच्या व्हिसावर प्रवेश बंद केला. आपल्या घरांतल्या कितीतरी वयस्क बायकांच्या पासपोर्टवर आडनावाची जागा कोरी असते. असा नियम घरी अर्ज भरताना समोर आला, तर पासपोर्ट दुरुस्त करायला वेळ मिळतो. मुंबई विमानतळावर सामान तोलून झाल्यावर समोर आला, तर फक्त रडू येते.

यावर नेहमीचे उत्तर असे की, ‘मॅडम, आपल्या लोकांना इंग्रजी अर्ज भरता येत नाही, कार्डाने पैसे भरता येत नाहीत. काउंटरवर निदान माणूस तरी असतो.’ अडचण खरी आहे. पण काउंटरवरचा माणूसही मराठी किंवा उर्दू बोलत नाही. आणि अर्ज येत नाही म्हणून आपण जातो कोणाकडे? एजंटकडे. तो अर्जात काय भरतो हे आपण वाचत नाही. किती शुल्क सरकारचे आणि किती त्याचे, हे विचारत नाही. सरकारी वाटाव्यात अशा साइट काढून दुप्पट-तिप्पट पैसे उकळणारेही याच भीतीवर जगतात.

न वाचण्याची किंमत फक्त पैशांत मोजली जात नाही. सौदीच्या पर्यटन व्हिसावर उमरा करता येतो, हज करता येत नाही. हे नियमांत स्पष्ट आहे. तरीही दरवर्षी अशा व्हिसावर लोकांना हजसाठी नेले जाते. २०२४ च्या हजमध्ये भीषण उष्म्यात १,३०१ माणसे दगावली. त्यांतले ८३ टक्के विनापरवाना होते, असे सौदी सरकारनेच सांगितले. ज्यांच्याकडे परवाना नाही, त्यांच्या वाट्याला थंड तंबू नाही, बस नाही, उन्हातली पायपीट आहे. त्यांच्यातल्या किती जणांना आपल्या व्हिसावर काय लिहिले आहे हे ठाऊक होते, असा प्रश्न मला पडतो.

म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. ‘ऑन अरायव्हल’च्या याद्यांना टाळ्या वाजवणे बंद करा. मागायचेच असेल तर हे मागा: अर्ज ऑनलाइन असावा, थेट असावा, सर्व भारतीयांना एकाच अटीवर असावा, त्यासाठी तिसऱ्या देशाचा शिक्का लागू नये आणि नकार दिला तर कारण लेखी मिळावे.

तोवर आपल्या हातात आहे ते करू. जमातीच्या कार्यालयात, मोहल्ल्याच्या वाचनालयात, शाळेच्या संगणक खोलीत आठवड्यातून एक तास अर्ज वाचून दाखवणारा कोणी बसवा. दहावी झालेली मुलगी हे काम सहज करते. पासपोर्टवरचे नाव, जन्मतारीख, व्हिसाचा प्रकार, मुदत, शुल्क या पाच गोष्टी तिने मोठ्याने वाचाव्यात आणि आजीने ‘हो, बरोबर’ म्हणावे. ‘इक़रा’, म्हणजे वाच, हा आपल्याला मिळालेला पहिला हुकूम आहे. निदान सही करण्यापूर्वी तरी तो पाळू या.