घरांतील भुंगा आणि शिवारांतील भुंगा

उन्हाळ्याचे दिवस सुरू झाले कीं जुन्या घरांच्या ओटीवर व गोठ्याच्या वळचणीस काळे, जाड, निळसर झांक मारणाऱ्या पंखांचे भुंगे घोंघावूं लागतात. वाशाच्या खालच्या अंगास करंगळी शिरेल एवढें, गिरमिटानें पाडल्यासारखें वाटोळें भोंक दिसूं लागतें, आणि खालीं सारवलेल्या जमिनीवर पिंवळट भुशाचा लहानसा ढीग पडतो. मग घरधनी काय करतो? कपाशीवर मारून उरलेल्या औषधाची बाटली काढतो, पिचकारीनें तें भोंकांत सोडतो, व वरून चिखल थापून कार्य उरकलें असें समजतो. कोणी रॉकेलाचा बोळा कोंबतो. कोणी तर पेटता टेंभा घेऊन आढ्यापर्यंत चढतो. या सर्व उपायांविरुद्ध आम्हांस येथें लिहावयाचें आहे. भुंग्यास घरांतून घालवावें याविषयीं आमचा वाद नाहीं. पण त्यास मारूं नये, व नीट विचार केल्यास मारण्याची गरजही पडत नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे.

प्रथम नांवाचा घोटाळा दूर केला पाहिजे. कारण 'भुंगा लागला' या दोन शब्दांखालीं आपण तीन-चार निरनिराळ्या प्राण्यांस एकत्र कोंबतों. नारळाच्या शेंड्यांत शिरून कोंवळा कोंब खाणारा गेंड्या भुंगा हा कठीण पाठीचा किडा असून तो बागाईतदाराचा खरा शत्रु आहे. वासे, बांबू अगर बाजेचे गाते पोखरून मैद्यासारखी बारीक पूड पाडणारा किडा त्याहून फारच लहान. त्याचीं भोंकें टांचणीच्या डोक्याएवढीं असतात, व तो लांकडावरच जगतो. वाळवीची गोष्ट तर आणखी वेगळी. आम्ही ज्याविषयीं लिहीत आहों तो भुंगा जातीनें माशी आहे, मधमाशीचाच थोरला भाऊबंद. १८०२ सालीं लात्रेय नामक फ्रेंच कीटकशास्त्रज्ञानें त्याच्या वंशास झायलोकोपा हें नांव दिलें. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ लांकूडतोड्या असा आहे. इंग्रजींत त्यास सुतारमाशी म्हणतात. तो लांकूड पोखरतो, पण खात नाहीं. त्याचें अन्न म्हणजे फुलांतील मध व पराग. भुसा खालीं पडतो याचें कारणच हें कीं, तो त्यास नको असतो.

भोंक पाडते ती मादी. बिनरंगाचें, सुकें, मऊसर लांकूड तिला आवडतें. जबड्यांनीं ती सरळ आंत शिरते, आणि थोडें आंत गेल्यावर लांकडाच्या रेषांच्या दिशेनें वळून वीतभर किंवा अधिक लांबीचें भुयार कोरते. त्यांत पराग व मध कालवून केलेला गोळा ठेवावा, त्यावर एक अंडें घालावें, भुशाचा पडदा घालून कोठडी बंद करावी, मग पुढची कोठडी, असा तिचा क्रम. एका भुयारांत अशा कोठड्या बहुधा अर्ध्या डझनाच्या आसपास असतात. मधमाशांची राणी ऐन हंगामांत रोज शेंकडों अंडीं घालते. भुंग्याच्या मादीची आयुष्यभराची मिळकत ही एवढीच. तेव्हां एक भुयार विषानें भरलें म्हणजे पोळ्यांतील चार माशा मेल्या, असा हिशेब येथें चालत नाहीं.

तोंडासमोर येऊन घोंघावणारा भुंगा पुष्कळदां नर असतो. तो आपली जागा राखीत असतो, व त्यास नांगीच नसते. मादीस नांगी आहे खरी, पण मुठींत धरल्याशिवाय ती सहसा डसत नाहीं. लेंकरांची समजूत घालण्यास एवढी माहिती पुरे आहे.

लांकडाची हानि होते हें मात्र नाकबूल करतां येत नाहीं. एका भुयारानें तुळई मोडत नाहीं. पण जुनें भुयार पुढील पिढी पुन्हां वापरते, लांबवते, त्यास फांटे फोडते. जाड तुळईस हें पुष्कळ दिवस सोसतें. बारीक वासा, रीप आणि बांबू यांस सोसत नाहीं. म्हणून "जाऊं द्या, तोही एक जीव आहे" एवढें म्हणून स्वस्थ बसणेंही आम्हांस पसंत नाहीं.

आतां शिवारांत चला. कठीण काष्ठ कोरणारा भ्रमर कोंवळ्या कळींत मात्र अडकून पडतो, हा दृष्टान्त ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायांत आला आहे. म्हणजे लांकूड कोरणारा व फुलावर जाणारा प्राणी एकच आहे, ही गोष्ट सातशें वर्षांपूर्वीं महाराष्ट्रांत माहीत होती. आज आपण मात्र वाशांतला भुंगा वेगळा व वांग्यावरचा वेगळा असें धरून चालतों.

वांग्याचें फूल नीट न्याहाळावें. त्यांत मध नाहीं, आणि पराग पिंवळ्या नळ्यांत कोंडलेले असून नळीच्या टोंकास केवळ बारीक छिद्र असतें. मिठाच्या डबीसारखी ती नळी हालविल्याशिवाय पराग पुरते बाहेर पडत नाहींत. भुंग्याची मादी फुलास मिठी मारते, पंख स्थिर ठेवून छातीचे स्नायु थरथरविते, आणि त्या कंपानें पराग भुरभुर खालीं येतात. टोमॅटोच्या फुलाची रचनाही बहुतेक अशीच. ही विद्या सातेरी मधमाशीस नाहीं, आणि पेट्यांतून पाळल्या जाणाऱ्या विलायती मधमाशीसही नाहीं. वारा थोडेंबहुत काम करतो. पण माशीनें हालविलेल्या फुलाचें फळ अधिक भरदार धरतें. युरोपांत कांचघरांतील टोमॅटोस माणसें हातीं कंपयंत्र घेऊन एकेक घोंस हालवीत असत. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तेथें हें काम दुसऱ्या एका केंसाळ माशीकडून करवून घेण्यास सुरुवात झाली, व त्या माशांच्या पेट्या आज विकत मिळतात. ती माशी आपल्या मैदानी मुलखांत नाहीं. आपल्याकडे तेंच काम करणारा भुंगा फुकट येतो, आणि आपण त्यास विष पाजतों!

वांग्यावरच गोष्ट संपत नाहीं. शेवग्याच्या फुलांवर भुंग्यांची ये-जा कोणीही सकाळीं पाहून घ्यावी. शेवग्याच्या परागवहनाचें मोठें काम त्यांच्याकडूनच होतें. हिरवळीच्या खताकरितां आपण ताग पेरतों, पण बियाणें धरावयाचें असेल तर त्याच्या फुलावर भुंग्यासारखी दमदार माशी बसून पाकळी दाबली गेली पाहिजे, नाहीं तर शेंगा थोड्याच धरतात. तुरीवरही हे येतात. हैदराबादनजीकच्या इक्रिसॅट संस्थेनें तुरीचें संकरित बियाणें तयार करण्याची जी पद्धत बसविली, ती अशा माशांनीं पराग वाहून नेण्यावरच उभी आहे. ब्राझील देशांत पॅशनफळाच्या बागा आहेत. जेथें भुंगे कमी झाले तेथें बागवानांस मजूर लावून फुलें हातानें फळवावीं लागतात. मजुरीचे आजचे दर ज्यांस ठाऊक आहेत, त्यांस याचा अर्थ फोड करून सांगण्याची जरुरी नाहीं.

विषासंबंधीं एक शब्द. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. उघड्या रानांत जें औषध माणसास भोंवतें, तेंच चुलीवरच्या वाशांत पिचकारीनें भरून त्याखालीं स्वयंपाक करणें, याला काय म्हणावें? रॉकेल आणि टेंभा यांविषयीं तर बोलावयासच नको; भुंगा जाईल न जाईल, आढें मात्र जाईल.

मग करावें काय? सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे रंग. उघडें लांकूड भुंग्यास बोलावतें, रंगविलेल्या लांकडाकडे तो क्वचितच वळतो. तेलरंगाचे दोन हात द्यावे, आणि विशेषेंकरून वाशाची खालची बाजू व कापलेलीं टोंकें सोडूं नयेत. आपले लोक दर्शनी बाजू तेवढी रंगवतात, व भुंगा नेमका न रंगविलेल्या बाजूनें शिरतो. रंग परवडत नसेल त्यानें उकळलेलें जवसाचें तेल, करंजेल किंवा कडुनिंबाचें तेल चोपडावें. यांचा गुण रंगाइतका टिकत नाहीं, म्हणून दरसाल पुन्हां हात फिरवावा लागतो. जवसाच्या तेलानें भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवूं नयेत. त्या आपोआप तापून पेट घेतात. कोंकणांत काजूच्या टरफलांचें तेल लांकडास लावण्याची जुनी चाल आहे व ती उत्तम आहे, मात्र तें तेल अंगास लागल्यास कातडी भाजते. लिंबाच्या सालींचा काढा, निलगिरीचें तेल, कापूर यांची शिफारस हल्लीं फार ऐकूं येते. वासानें भुंगा चार दिवस दूर राहीलही. पण वास उडाला कीं तो परत येतो. आमच्या मतें यांवर पैसा घालवूं नये.

पडलेलें भोंक लगेच बुजविणें ही मोठी चूक होय. आंत जीव असेल तर तो दुसरीकडून भोंक पाडून बाहेर येतो, म्हणजे एकाचीं दोन झालीं. भोंकाच्या तोंडाशीं कागदाचा सैल बोळा ठेवावा. तो वारंवार ढकलला जात असेल तर घर वसतें आहे असें समजावें, व पिल्लें बाहेर पडेपर्यंत थांबावें. दीड-दोन महिने बोळा जागचा हालला नाहीं म्हणजे आंत कोणी नाहीं. मग सुताराकडून लांकडी खुंटी ठोकून घ्यावी, वर लुकण भरावें व रंग द्यावा. बांबूचें छप्पर असल्यास बांबू गांठीपाशीं कापावे, म्हणजे नळी उघडी राहत नाहीं; आधींच उघडीं असलेलीं तोंडें शेणमातीनें लिंपून टाकावीं. सुटा बांबू असेल, व त्यांत भुंगा शिरलाच असेल, तर अंधार पडल्यावर तो तसाच उचलून बांधावर नेऊन बांधणें सर्वांत सोपें.

कारण घराबाहेर काढलेल्या भुंग्यास कोठें तरी जागा लागणारच, आणि ती आपण दिली नाहीं तर तो शेजाऱ्याच्या गोठ्यांत जाईल, जेथें बाटली तयारच आहे. पूर्वीं बांधावर वठलेला पांगारा, सांवरीचें वाळकें खोड असें कांहीं ना कांहीं उभें असे. हल्लीं बांध साफ करण्याची हौस वाढली आहे, व भुंगे घरांत अधिक येऊं लागले यांत आम्हांस नवल वाटत नाहीं. निदान एक वठलेलें खोड ठेवावें. तें नसेल तर हातभर लांबीचीं, आंतून बोट जाईल एवढ्या पोकळीचीं बांबूचीं वाळलेलीं कांडें, एक टोंक गांठीनें बंद व दुसरें मोकळें अशीं, दहा-वीस एकत्र बांधून वांग्याच्या अगर शेवग्याच्या जवळ, घरापासून दूर, सांवलींत आडवीं टांगावीं. वरून पत्र्याचा तुकडा घालावा, आणि मुंग्या चढूं नयेत म्हणून टांगण्याच्या तारेस वंगण फांसावें. फुटकीं कांडें पावसाळ्यापूर्वीं बदलावीं. पण ज्याच्या तोंडाशीं ताजा भुसा दिसेल, त्या कांड्यास त्या सालीं हात लावूं नये.