दुआचा ‘दगा’ होऊ नये म्हणून

लग्नसराई जवळ आली की माजी विद्यार्थिनींचे फोन सुरू होतात. “मॅडम, लाकडी कार्डावर उर्दू छापता येईल का?” येईल. पण पहिला प्रश्न छपाईचा नाही, लाकडाचा आहे.

विनिअर म्हणजे लाकडाचा तासलेला पापुद्रा. फर्निचरवर लावतात तो साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा. कार्डासाठी त्याहून पातळ, मागे कागद चिकटवलेला घ्यावा. नुसता पापुद्रा रेषांच्या बाजूने चटकन चिरतो.

दुकानदार सागाचा दाखवील. साग दिसतो सुंदर, पण त्याची छिद्रे मोठी आणि गडद असतात. देवनागरीत ती खपून जातात. उर्दूत मात्र ‘दुआ’मधल्या ऐनवर एखादे छिद्र बसले की ऐनचा गैन होतो, आणि दुआचा ‘दगा’! निकाहच्या दावतनाम्यावर हे कोणाला परवडेल? म्हणून मेपल किंवा बर्चचा फिकट, बारीक पोताचा विनिअर मागा.

दुसरी गोष्ट शाईची. लाकडात शाई रेषांच्या दिशेने धावते. रेषा आडव्या ठेवल्या तर ‘ते’चे शेजारशेजारचे दोन नुक्ते एकमेकांत मिसळतात, आणि शब्दाच्या मध्ये असलेला ‘ते’ नून वाचला जातो. रेषा उभ्या ठेवल्या की दोन नुक्ते वेगळे राहायला मदत होते. तरीही अक्षर मोठे ठेवा. नस्तालीकचे बारीक टोक लाकडावर टिकत नाही.

छपाईसाठी माझी पसंती स्क्रीन प्रिंटिंगला. त्याची शाई दाट असते, ती वरच बसते. घरच्या इंकजेटवर करायचेच असेल तर कागद मागून सरळ आत जाणारे मशीन हवे, आणि आधी एकच तुकडा घालून पाहावा. लेझर प्रिंटरमध्ये तर घालूच नका. आत सुमारे 200 अंश उष्णता असते, शिवाय कागद वळत वळत जातो. पापुद्रा सुटून आत अडकला तर कार्डांची सगळी कमाई दुरुस्तीत जाईल. घरी बसून चार पैसे मिळवू पाहणाऱ्या मुलीसाठी हा तोटा लहान नाही. ॲडव्हान्स घेण्याआधी नमुना छापून गिऱ्हाइकाला दाखवावा, आणि मजकूर उर्दू वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाकडून तरी तपासून घ्यावा.

कलमाने लिहिणार असाल तर आधी स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेचा एक पातळ हात द्या. वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर हलकेच फिरवा. शाई पसरणे बरेच कमी होते. स्पिरिट पेट घेते, तेव्हा हे काम चुलीजवळ किंवा गॅसजवळ नको.

कापताना स्टीलची पट्टी आणि नवे पाते घ्या. एका दाबात कापण्यापेक्षा चार हलके हात बरे. रेषांना आडवे कापायचे तिथे आधी कागदी टेप लावा, म्हणजे कड फाटत नाही.

उरलेले तुकडे टाकू नका. त्यांच्या वाचनखुणा होतात, डब्यांची झाकणेही सजतात. डब्यावर चिकटवताना फेविकॉल दोन्ही बाजूंना पातळ लावून सुकू द्यावा, मग वरून कागद ठेवून गरम इस्त्री दाबत न्यावी. ओला फेविकॉल एकाच बाजूला लावला की पापुद्रा पाणी पिऊन फुगतो आणि गुंडाळतो. पावसाळ्यात तर कोरा विनिअरही वळतो. तो पिशवीत घालून जाड पुस्तकाखाली सपाट ठेवावा.